परदेशी गुंतवणुकीचे करार: साताऱ्यात विचारले गेलेले प्रश्न

मी साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. माझं काम म्हणजे भूसंपादनाचा वाढीव मोबदला, वाटपाचे दावे, भाडेपट्टे. आंतरराष्ट्रीय कायदा हा काही माझा रोजचा धंदा नव्हे. पण एका पावसाळ्यात पाटण तालुक्यातल्या पठारावरचे एक अण्णा प्लास्टिकच्या पिशवीत पवनचक्कीच्या भाडेपट्ट्याची झेरॉक्स घेऊन आले. कागदांच्या कडा दमटपणाने फुगल्या होत्या आणि तिसऱ्या पानावर चहाचा गोल डाग होता. दोन वर्षांचं भाडं थकलेलं. कंपनी नक्की कुणाची हे बघायला कंपनी निबंधकाकडची कागदपत्रं काढली. जमीन ज्यांनी घेतली ती इथलीच प्रायव्हेट लिमिटेड, तिचे शेअर मॉरिशसच्या कंपनीकडे आणि त्या कंपनीचे नेदरलँड्सच्या कंपनीकडे. अण्णा म्हणाले, "वकीलसाहेब, इतक्या लांबून हे आमच्या माळावर आले म्हणजे त्यांच्या आणि आपल्या सरकारात काहीतरी लिखापढी असेलच की."

लिखापढी असते, असं मी सांगितलं, पण पुढचं मलाही धड सांगता आलं नाही. मग वाचायला घेतलं. तेव्हापासून पक्षकारांनी, सांगलीच्या विधी महाविद्यालयातल्या मुलांनी, तासगावच्या द्राक्षवाल्यांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हा गुंतवणूक करार म्हणजे नेमकं काय?

दोन देशांनी एकमेकांना दिलेला शब्द. तुमचा माणूस किंवा तुमची कंपनी आमच्याकडे पैसा लावेल, तर आम्ही त्याची मालमत्ता मोबदला दिल्याशिवाय काढून घेणार नाही, आमच्या माणसांपेक्षा त्याला वाईट वागवणार नाही, त्याला नफा मायदेशी नेऊ देऊ आणि त्याच्याशी 'न्याय्य व समन्यायी' वागू. हे शेवटचे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. सगळी भांडणं त्यांच्याच पोटातून निघतात, कारण न्याय्य म्हणजे काय हे जुन्या करारांत कुठेच लिहिलेलं नाही.

खरी मेख मात्र पुढे आहे. सरकारने शब्द मोडला असं कंपनीला वाटलं, तर ती आपल्या देशाच्या सरकारला मध्ये न घेता थेट यजमान देशाच्या सरकारविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाऊ शकते. कराराची सही दोन सरकारांची, पण दावा लावण्याचा हक्क त्या कागदावर सहीच नसलेल्या तिसऱ्याचा. आमच्या दिवाणी न्यायालयात असं काही सांगितलं तर समोरचे वकील हसतील.

याची सुरुवात कुणी केली? अमेरिकेने?

नाही. पहिला करार २५ नोव्हेंबर १९५९ ला पश्चिम जर्मनी आणि पाकिस्तान यांच्यात झाला. तो काळ बघा. वसाहती नुकत्याच मोकळ्या होत होत्या. इराणने १९५१ मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं होतं, इजिप्तने १९५६ मध्ये सुएझ कालवा ताब्यात घेतला होता. त्याआधी, पैसा बुडाला की युरोपचे देश सरळ आरमार पाठवत. १९०२-०३ मध्ये ब्रिटन, जर्मनी आणि इटलीने वसुलीसाठी व्हेनेझुएलाची बंदरं अडवली होती. आता ते शोभणारं नव्हतं, म्हणून कागद आले. १९६५ मध्ये जागतिक बँकेच्या आधाराने वॉशिंग्टनला अशा तंट्यांसाठी केंद्र उभं करण्याचा करार झाला. भारत आजही त्याचा सदस्य नाही. आपल्याविरुद्धचे दावे बहुतेक वेळा संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या नियमांखाली चालतात.

भारताचा पहिला करार १९९४ चा, ब्रिटनबरोबरचा. १९९१ नंतर परदेशी पैसा हवाच होता, मग पुढच्या वीस वर्षांत आपण ऐंशीहून अधिक देशांशी सह्या केल्या.

करार दोन्ही बाजूंना सारखाच लागू असतो ना? मग गरीब देशाचं नुकसान कसं?

कागदावर अगदी सारखा असतो. जर्मन कंपनीला पाकिस्तानात जे संरक्षण, तेच पाकिस्तानी कंपनीला जर्मनीत. पण १९५९ मध्ये किती पाकिस्तानी कंपन्या जर्मनीत कारखाने टाकत होत्या? पाणी एकाच उताराने वाहत असेल, तर बांध दोन्हीकडे सारखे घातले तरी तुंबणार खालच्याचंच शेत.

आता चित्र थोडं बदललंय हेही सांगायला हवं. युरोपातले देशही या कचाट्यात सापडले. जर्मनीने अणुऊर्जा बंद करायचं ठरवलं तेव्हा स्वीडनच्या वॅटनफॉल या वीज कंपनीने त्यांनाच लवादात ओढलं आणि २०२१ मध्ये जर्मनीने तडजोड करून पैसे दिले. स्पेनने पवन आणि सौर विजेला आधी भरघोस दर देऊ केले, मग मंदीत ते कापले. त्याच्यावर पन्नासच्या आसपास दावे पडले. श्रीमंतांच्या अंगाशी आलं, तेव्हा युरोपात या करारांच्या फेरविचाराची भाषा सुरू झाली. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका तीच भाषा आधीपासून बोलत होती, तेव्हा कुणी ऐकली नाही.

कंपनी तक्रार कुठे करते? न्यायाधीश कोण असतात?

न्यायाधीश नसतात, लवाद असतात. बहुधा तीन. एक कंपनी नेमते, एक सरकार नेमतं, तिसरा अध्यक्ष दोघांच्या संमतीने किंवा बाहेरच्या संस्थेकडून नेमला जातो. सुनावणी हेगला, लंडनला, सिंगापूरला, जिथे ठरेल तिथे. आज एका दाव्यात लवाद असलेला माणूस उद्या दुसऱ्या दाव्यात वकील असू शकतो, आणि ही या पद्धतीवरची सर्वांत जुनी तक्रार आहे. वरच्या न्यायालयात अपील नाही. प्रक्रियेत ठरावीक दोष असेल तरच निवाडा रद्द होतो. लवादाला कायद्याचा अर्थ चुकीचा लागला, एवढं कारण सहसा पुरत नाही.

साताऱ्याच्या माणसाला यात एक जुनी गोष्ट आठवायलाच हवी. १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने प्रतापसिंह महाराजांशी तह केला. १८३९ मध्ये त्याच कंपनीने त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. तह मोडला म्हणून दाद मागायला महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत, तेराएक वर्षं, तिथे अर्ज, भाषणं आणि पत्रकं यांवर झिजले. १८४८ मध्ये राज्यच खालसा झालं तरी ते तिथेच. तह लिहिलेला होता, शिक्के होते, पण ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच दारात उभं राहावं लागत होतं. आजच्या करारात कंपनीला तिसरं दार मिळालंय. मी कुठलाही करार हातात घेतला की आधी हेच बघतो, की दार कुणाला आहे. कलमं त्यानंतर.

दाभोळच्या एन्रॉनचा याच्याशी संबंध होता का?

होता, आणि आपल्या भागातल्या माणसाने समजून घ्यावं असं याहून जवळचं उदाहरण नाही. कोयनानगरहून कुंभार्ली घाट उतरून गेलं की पुढे गुहागर तालुक्यात एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा तो वीजप्रकल्प.

१९९२ मध्ये प्राथमिक करार झाला, १९९३ मध्ये वीज खरेदीचा. वीज मंडळाने ठरलेली वीज घ्यायची, आणि घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे. दर डॉलरला बांधलेला, म्हणजे रुपया घसरला की वीज महाग. त्यावर राज्य सरकारची हमी आणि केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्याने पैसे दिले नाहीत तर केंद्राने द्यायचे. १९९५ मध्ये राज्यात सरकार बदललं आणि करार रद्द झाला. १९९६ मध्ये तो पुन्हा वाटाघाटी करून जिवंत झाला. १९९९ मध्ये पहिला टप्पा चालू झाला, वीज मंडळाला ती बिलं झेपेनात आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात खुद्द एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोर झाली.

आता गुंतवणूक करार कुठे येतो ते बघा. एन्रॉनच्या जोडीला जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल होत्या, दोन्ही अमेरिकन. भारत-अमेरिका यांच्यात असा द्विपक्षीय करार नव्हता, आजही नाही. पण या कंपन्यांनी पैसा मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत लावला होता आणि भारत-मॉरिशस करार होता. मग दावा मॉरिशसच्या नावाने. कर्ज देणाऱ्या युरोपीय बँकांनी आपापल्या देशांच्या करारांखाली आणखी दावे लावले. २००५ मध्ये तडजोडी होऊन सगळं मिटवलं गेलं आणि प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला.

म्हणजे वीज खरेदीचा करार वेगळा, सरकारची हमी वेगळी आणि गुंतवणूक करार तिसरा. एका भांडणात तिन्ही दारं ठोठावता येतात. अण्णांच्या भाडेपट्ट्यातही 'वाद झाल्यास लवाद मुंबईत' असं कलम होतं. अण्णांना वाटलं, तोच हा लवाद. तो नव्हे. तो दोन खासगी पक्षांमधला, तिथे सरकारचा संबंध नाही.

भारत अशा दाव्यांत हरला आहे का?

हरला आहे, आणि पहिला पराभव असा की वकील म्हणून मला तो वाचताना लाज वाटली आणि हसूही आलं.

व्हाइट इंडस्ट्रीज ही ऑस्ट्रेलियन कंपनी. १९८९ मध्ये कोल इंडियाबरोबर आजच्या झारखंडातल्या पिपरवार कोळसा खाणीचं कंत्राट तिने घेतलं. पैशांवरून वाद झाला आणि २००२ मध्ये व्यापारी लवादाने कंपनीच्या बाजूने सुमारे ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा निवाडा दिला. कंपनी अंमलबजावणीसाठी दिल्ली उच्च न्यायालयात, कोल इंडिया तो रद्द करायला कोलकात्यात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन लोंबकळलं. नऊ वर्षं गेली. मग कंपनी भारत-ऑस्ट्रेलिया करार घेऊन थेट भारत सरकारविरुद्ध गेली. त्या करारात एक कलम होतं, की तिसऱ्या कुठल्या देशाला याहून चांगली सवलत दिली असेल तर ती आम्हालाही द्या. भारताने कुवेतबरोबरच्या करारात 'हक्क मिळवण्याची परिणामकारक साधनं' देण्याचं कबूल केलं होतं. कंपनीने ते कुवेतचं कलम उचलून आपल्या करारात आणलं आणि लवादाने नोव्हेंबर २०११ मध्ये ते मान्य केलं. इतका उशीर म्हणजे परिणामकारक साधन नव्हे, असं म्हणत.

नऊ वर्षं! माझ्याकडे वडिलांनी लावलेला दावा मुलगा चालवतोय, अशी प्रकरणं आहेत. त्यांना कुठला कुवेतचा करार?

त्यानंतर दोन मोठे कर-दावे. व्होडाफोनने २००७ मध्ये हचिसनचा भारतातला मोबाइल धंदा केमन बेटांवरच्या एका कंपनीचे शेअर घेऊन विकत घेतला. प्राप्तिकर खात्याने ११ हजार कोटींच्या आसपास कर मागितला. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात व्होडाफोन जिंकली. त्याच वर्षी संसदेने कायदा मागच्या तारखेपासून बदलला. कंपनी नेदरलँड्सच्या करारावर गेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये जिंकली. तीन महिन्यांनी ब्रिटनच्या करारावर केर्न एनर्जीही जिंकली, सुमारे १.२ अब्ज डॉलरचा निवाडा. भारत पैसे देईना म्हणून केर्नने जगभर भारत सरकारच्या मालमत्ता शोधायला घेतल्या आणि २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारताच्या मिळकतींवर फ्रेंच न्यायालयाकडून आदेश मिळवला. आमच्याकडे भूसंपादनाचे पैसे वेळेत दिले नाहीत म्हणून न्यायालयाचा बेलीफ जिल्हाधिकाऱ्यांची खुर्ची जप्त करायला जातो, तसाच हा प्रकार, फक्त खुर्चीच्या जागी पॅरिसमधली घरं. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने तो मागचा कर कायद्याने मागे घेतला. केर्नला सुमारे ७,९०० कोटी रुपये परत मिळाले, विनाव्याज.

भारत कधी जिंकलाच नाही?

जिंकला आहे. हल्दिया बंदरातल्या कामावरून फ्रान्सच्या लुई ड्रेफस आर्माटर्सने लावलेला दावा २०१८ मध्ये फेटाळला गेला. जिंकलेल्या दाव्यांच्या बातम्या होत नाहीत, एवढंच.

आमच्या ग्रामसभेने कंपनीविरुद्ध ठराव केला, तर देशाला दंड होऊ शकतो?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि बहुधा कुणीतरी भीती घातल्यावरच येतो. सरळ उत्तर असं, की आंतरराष्ट्रीय कायद्यात देश एकच. ग्रामपंचायत, नगरपालिका, राज्य, केंद्र यांतल्या कुणीही काही केलं तरी ते देशाने केलं असं धरतात.

मेक्सिकोत ग्वादालकासार नावाची छोटी नगरपालिका आहे. मेटलक्लॅड या अमेरिकन कंपनीला तिथे घातक कचऱ्याचं केंद्र काढायचं होतं. मध्यवर्ती सरकारने परवाने दिले, लोकांनी विरोध केला, नगरपालिकेने बांधकाम परवाना नाकारला. उत्तर अमेरिकेच्या व्यापार करारातल्या गुंतवणुकीच्या प्रकरणाखाली कंपनी लवादात गेली आणि २००० मध्ये मेक्सिकोला सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलरचा भुर्दंड बसला. कॅनडाच्या न्यायालयाने पुढे त्या निवाड्यातला काही भाग रद्द केला, बाकीचा राहिला.

आपल्याकडे निसान कंपनीने तमिळनाडू सरकारने कबूल केलेल्या सवलतींचे पैसे थकले म्हणून जपानबरोबरच्या करारावर भारताला लवादात नेलं. बोली राज्याची, नोटीस दिल्लीला. २०२० मध्ये ते मिटलं.

पण भारताने डिसेंबर २०१५ मध्ये मंजूर केलेल्या नव्या नमुना करारात, म्हणजे पुढच्या करारांसाठीच्या साच्यात, स्थानिक स्वराज्य संस्थांची कृती या कराराच्या बाहेर, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्यात गावपातळीवरची संस्थाही येते. म्हणून उद्या कुणी सभेत उठून "ठराव केलात तर हेगला दावा पडेल" असं म्हणालं, तर कुठल्या देशाच्या कोणत्या सालच्या करारावर, हे त्याला विचारा. दुसरं, लवाद ठराव रद्द करत नाही. तो सरकारला पैसे भरायला लावतो. ठराव आपल्या कायद्याने टिकणारा असेल तर टिकतो.

मग सरकार आरोग्याचे, पर्यावरणाचे कायदे करायला घाबरणार नाही का?

काही सरकारं घाबरतात, आणि त्याचा हिशेब ठेवता येत नाही, कारण न केलेला कायदा कुठे नोंदलेला नसतो. पण उरुग्वे घाबरला नाही. चाळीस लाखही लोकवस्ती नसलेल्या त्या देशाने सिगारेटच्या पाकिटाचा ८० टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्याला द्यायला लावला. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने स्वित्झर्लंडच्या करारावर दावा लावला. २०१६ मध्ये उरुग्वे जिंकला आणि खर्चापोटी कंपनीलाच त्याला ७० लाख डॉलर द्यावे लागले. पण तोवर सहा वर्षं गेली होती. सहा वर्षं महागडे वकील पोसणं प्रत्येक छोट्या देशाला परवडत नाही.

पैसे कोण भरतं?

सरकारी तिजोरी. म्हणजे आपण. पाकिस्तानचं उदाहरण बघा. बलुचिस्तानातल्या रेको दिक तांबे-सोन्याच्या खाणीचा पट्टा नाकारला म्हणून २०१९ मध्ये त्यांच्यावर सुमारे ५.८ अब्ज डॉलरचा निवाडा झाला. त्याच वर्षी पाकिस्तान नाणेनिधीकडून घेत असलेलं कर्ज साधारण सहा अब्जांचं होतं.

भारताने जुने करार मोडले असं ऐकतो. म्हणजे विषय संपला?

२०१६-१७ मध्ये भारताने पन्नासहून जास्त देशांना करार संपवत असल्याच्या नोटिसा दिल्या. अण्णांच्या कंपनीच्या साखळीतले मॉरिशस आणि नेदरलँड्स हे दोन्ही त्यात आहेत. पण करार संपला तरी त्याचं शेपूट उरतं. संपण्याआधी आलेल्या गुंतवणुकीला बहुतेक करारांत पुढची दहा ते पंधरा वर्षं संरक्षण चालू राहतं.

नव्या नमुन्यात बरंच आवळलं आहे. कर हा विषय बाहेर. कुवेतसारखं दुसरीकडचं कलम उचलून आणण्याची वाट बंद. 'न्याय्य व समन्यायी' हे मोघम शब्द काढून काय केलं तर उल्लंघन याची यादी दिली आहे. आणि लवादाकडे जाण्याआधी पाच वर्षं इथल्या न्यायालयांत दाद मागायची. आपल्या न्यायालयांचा वेग ठाऊक असलेल्यांना ही अट ऐकून हसू येईल.

या अटींवर सही करायला फारसे देश तयार झाले नाहीत, मग भारतानेही थोडं सैल केलं. संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा करार १३ फेब्रुवारी २०२४ ला झाला आणि ऑगस्टअखेर लागू झाला. त्यात पाचऐवजी तीन वर्षं. मार्च २०२४ मध्ये स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन यांच्याशी व्यापार करार झाला. त्यात पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचं उद्दिष्ट आहे, पण कंपनीला सरकारवर दावा लावण्याची सोय नाही. खंडाळा तालुक्यातल्या विंगला स्विस यंत्रं बनवणारा कारखाना आहे, तिथल्या मित्राने मला या कराराबद्दल विचारलं होतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मॉरिशसचा म्हणतात तो करार हाच का?

नाही. बातम्यांत गाजतो तो दुहेरी कर टाळण्याचा, १९८० च्या दशकातला आणि २०१६ मध्ये बदललेला. तो प्राप्तिकराचा. हा संरक्षणाचा. गल्लत मीही केली होती.

असे करार नसतील तर परदेशी कंपन्या येतील का?

येतात. अमेरिकेशी आपला असा करार नाही, तरी अमेरिकन पैसा येतच आहे. ब्राझीलने १९९० च्या दशकात चौदा करारांवर सह्या केल्या आणि एकही मंजूर केला नाही, तरी लॅटिन अमेरिकेतला सर्वाधिक परदेशी पैसा वर्षानुवर्षं तिथेच गेला. कंपनी बाजार बघते, रस्ता, वीज, पाणी, कामगार बघते. शिरवळ पट्ट्यात कारखाने आले ते पुणे जवळ आणि हायवे दारात म्हणून. करार असेल तर कर्ज देणारी बँक जरा निर्धास्त होते, इतकं मी मान्य करतो.

आमची द्राक्षं युरोपने परत पाठवली तर या कराराखाली भांडता येईल?

तासगावच्या एका बागायतदाराने २०१० च्या हंगामाचा दाखला देऊन हे विचारलं. त्या वर्षी क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली आणि बागायतदार बुडाले. दुर्दैवाने उत्तर नाही असंच आहे. माल पाठवणं हा व्यापार. गुंतवणूक नव्हे. त्याची दारं जागतिक व्यापार संघटनेत, आणि तिथे सरकारच सरकारविरुद्ध जातं.

पण तुम्ही दुबईत शीतगृह बांधलं, बेदाण्याचं पॅकिंग युनिट काढलं, तर ती गुंतवणूक. मग नवा अमिरातीचा करार तुमच्या कामाचा. भारतीय कंपन्यांनी हे दार वापरलं आहे. विमानतळावर दुकानं चालवणारी फ्लेमिंगो ही कंपनी २०१६ मध्ये पोलंडविरुद्ध जिंकली. इंडोनेशियातल्या कोळशाच्या परवान्यांवरून तिथल्या सरकारशी भांडलेली ओडिशाची इंडियन मेटल्स २०१९ मध्ये हरली. करार मोडायला निघालेल्या सरकारने आपल्याच कंपन्यांचं हे संरक्षणही सोडलं, ही बाजू आपल्याकडे फारशी कुणी बोलत नाही.

हे करार संसदेत मंजूर होतात का?

नाही. आपल्याकडे करार करणं केंद्र सरकारच्या अखत्यारीत. संसदेचं मत लागतं ते त्यासाठी कायदा बदलायचा असेल तर. राज्याला विचारलंच पाहिजे असंही नाही. हे बदलायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. करारांचा मजकूर मात्र गुप्त नसतो, केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो. इंग्रजीतच.

प्रकल्पाने ज्यांचं पाणी-जमीन जातं, त्या गावाला लवादापुढे बोलता येतं?

बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहराचं पाणी १९९९ मध्ये बेक्टेलचा वाटा असलेल्या कंपनीकडे दिलं गेलं. दर वाढले, २००० मध्ये लोक रस्त्यावर आले, कंपनी गेली. नेदरलँड्सच्या करारावर दावा लागला. तिथल्या संघटनांनी आम्हाला म्हणणं मांडू द्या असा अर्ज केला, तो लवादाने नाकारला. जगभर बोंब झाली, तेव्हा कंपनीने २००६ मध्ये नाममात्र दोन बोलिव्हियानो घेऊन दावा सोडला. त्यानंतर नियम थोडे बदलले. आता काही लवाद त्रयस्थांचं लेखी म्हणणं घेतात. पण पक्षकार होता येत नाही, भरपाई मागता येत नाही.

कोयना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या फायली साठ वर्षांनीही पूर्ण बंद झालेल्या नाहीत. त्यांच्यासाठी कुठल्याही दोन देशांनी कधी कशावर सही केली नाही.

त्या अण्णांच्या भाड्याचं पुढे काय झालं?

आधी मुंबईच्या पत्त्यावर नोटीस पाठवली, उत्तर नाही. मग दुसरी, त्यात मॉरिशस आणि नेदरलँड्सच्या कंपन्यांची नावं शेअरच्या टक्केवारीसकट लिहिली. कायद्याने त्याची काही गरज नव्हती. तीन आठवड्यांत थकीत दोन वर्षांचं भाडं खात्यावर जमा झालं. व्याज नाही. व्याजासाठी पाटणला दावा लावला आहे, पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.